आचारी, आचार्य आणि १.४.०

कोडमधले बदल नोंदवत जाणाऱ्या गिटमध्ये टॅग मारायला दोन सेकंद लागतात. कमांड लिहायची, आकडा द्यायचा, एका ओळीचा निरोप लिहायचा, एंटर. कोडच्या इतिहासातल्या एका कमिटला, ज्याची एरवीची ओळख म्हणजे चाळीस अक्षरा-आकड्यांची एक अगम्य माळ, त्याला माणसाला उच्चारता येईल असं नाव मिळतं. बारशाला याहून जास्त वेळ लागतो, आणि तिथे जबाबदारी घ्यायला निदान आत्या तरी असते. प्रस्तुत लेखकाने आजवर असे साठेक टॅग मारले असतील. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाआधी तो दोन-दोन आठवडे घुटमळलेला आहे.

प्रकल्प काही मोठा नाही. युनिकोड रुळण्याआधीच्या देवनागरी फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारं हे एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका ज्या फाँटांत जुळवल्या गेल्या, त्यांत ‘क’च्या जागी फाइलमध्ये भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह बसलेलं असतं. फाँट काढून घेतला की पानभर केरकचरा दिसतो. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली, रफार नंतर. हा गुंता सोडवणारे तक्ते आणि नियम म्हणजे हा प्रकल्प. वापरणारे कोण? काही छोटे प्रकाशक, एक-दोन ग्रंथालयांतले स्वयंसेवक, आजोबांचे लेख पुस्तकरूपात आणू पाहणारी नातवंडं. लेखकाची नोकरी वेगळीच आहे. हे काम रात्री जेवणं आटोपल्यावरचं.

काही वर्षांपूर्वी १.४.० ही आवृत्ती निघायची होती. दोन नव्या फाँटांचे तक्ते तयार होते, जोडाक्षरांचे बरेच बग मारून झाले होते. दिवाळी अंकांचे दिवस होते आणि एक प्रकाशक तीनदा विचारून गेले होते, “नवीन व्हर्जन कधी देताय?” शुक्रवारची रात्र होती. टॅग मारण्याआधी लेखकाला वाटलं, एवढी एक साफसफाई उरकून घेऊ. रूपांतरित मजकुरात शून्य रुंदीच्या जोडक-खुणा जागोजाग सांडलेल्या असत. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण शोधताना आडव्या येतात. शब्द समोर असतो आणि संगणक म्हणतो, सापडला नाही. त्याने एका ओळीच्या बदलात त्या सगळ्या झाडून काढल्या. चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या. टॅग मारला, पुश केला, दिवा मालवून झोपला.

आता, मराठीत एक जोडणी अशी आहे की तिचा जीव या न दिसणाऱ्या खुणेत असू शकतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ यांतला फरक शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनीसुद्धा हसत हसत शिकवलेला असतो. युनिकोडमध्ये हा आडवा ‘ऱ’ लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत त्यासाठी नुक्त्याचं स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे ती जोडक-खूण ठेवतात. लेखकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या रीतीने लिहीत होतं. खूण गेली की आडवा ‘ऱ’ उठून उभा राहतो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. चाचण्यांना हे दिसलं का नाही? कारण चाचणीतलं तुलना करणारं फंक्शनही, शोध सोपा व्हावा म्हणून, दोन्ही बाजूंच्या जोडक-खुणा आधीच काढून टाकत होतं. चोर आणि शिपाई एकाच घरचे.

आठ दिवसांनी त्या प्रकाशकांच्या मुद्रितशोधक बाईंचा निरोप आला. एका आत्मचरित्रात लग्नाच्या पंगतीसाठी पहाटेपासून आचार्यांनी जिलब्या तळल्या होत्या. पुढच्या प्रकरणात लेखकमहाशय सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत हिंडत होते आणि त्यांचं घर वार्यावर होतं. “तुमच्या सॉफ्टवेअरने आमच्या आचाऱ्यांना बढती दिलीय,” बाईंनी लिहिलं होतं, “पण पगार कोण देणार?”

बग लाजिरवाणा होता, पण या धंद्यात बग हा पापात मोडत नाही. पाप त्यानंतर घडलं. लेखकाने ती एक ओळ मागे घेतली आणि त्याला वाटलं, १.४.० बाहेर पडून आठच दिवस झालेत, कोणी फारसं घेतलंही नसेल, उगाच १.४.१ काढून आपल्या चुकीची दवंडी कशाला पिटायची? त्याने जुना टॅग पुसला, दुरुस्त कमिटवर पुन्हा ‘१.४.०’ असाच टॅग मारला आणि जोर लावून पुश केला. पुढचे तीन आठवडे असे गेले. प्रकाशक म्हणत, “आम्ही १.४.०च वापरतोय, चूक तशीच आहे.” लेखक म्हणे, “१.४.०मध्ये ती दुरुस्त झाली आहे.” दोघंही खरं बोलत होते. ग्रंथालयातल्या एका स्वयंसेवकाने दोन लॅपटॉपांवर दोन वेगळ्या दिवशी सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याच्याकडे एकाच लेखाच्या दोन प्रती तयार झाल्या, दोन्हींवर ‘१.४.०ने रूपांतरित’ अशी नोंद, आणि दोन्हींत ‘दर्या’ वेगळा.

गिटबरोबर जी अधिकृत माहिती-पानं येतात, त्यांत टॅगच्या पानावर नेमका याच प्रसंगाला वाहिलेला एक भाग आहे. चुकीच्या कमिटला टॅग लागला आणि तो अजून कोणाला दिला नसेल, तर खुशाल बदला. दिला असेल, तर चूक झाल्याचं कबूल करून वेगळं नाव वापरा. हा भाग फटकळ सुरात लिहिलेला आहे, आणि ज्याने हे पाप केलंय त्याला तो वाचताना कान धरल्यासारखं होतं. त्यामागचं कारण यंत्राच्या रचनेतच आहे. एखाद्याच्या संगणकावर एकदा आलेला टॅग गिट पुढच्या वेळी आपण होऊन बदलत नाही. तुम्ही तुमच्याकडचा फलक हलवलात म्हणून जगभरच्या भिंतींवरचे फलक हलत नाहीत.

हा धडा मोठे प्रकल्प फार आधी शिकले होते. डेबियन ही लिनक्सची जुनी आणि मातब्बर वितरण-प्रणाली, तिची १.० ही आवृत्ती कधी निघालीच नाही. डिसेंबर १९९५मध्ये सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनची अर्धवट, काम चालू असलेली प्रत उचलली आणि ‘डेबियन १.०’ म्हणून सीडीवर छापून टाकली. प्रकल्पाचा त्यात हात नव्हता. पण लोकांच्या हातात आता १.० नावाची एक वस्तू होती आणि ती धड चालत नव्हती. डेबियनच्या मंडळींनी तो आकडाच सोडून दिला. जून १९९६मध्ये पुढची आवृत्ती निघाली ती थेट १.१ म्हणून. दुसऱ्याने खराब केलेल्या आकड्यासाठी भांडण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांची तऱ्हा आणखी रोखठोक. फेब्रुवारी २०२१मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.१२ची जमवाजमव चालू असताना ऑरेगनमध्ये हिमवादळ झालं आणि त्यांच्या घरची वीज सहा दिवस गेली. त्यातूनही २८ तारखेच्या रविवारी ५.१२चा पहिला उमेदवार, आरसी१, वेळेवर निघाला. दोन-तीन दिवसांत उघड झालं की त्यात एक भयंकर चूक आहे. मेमरी कमी पडली की कर्नल काही मजकूर डिस्कवरच्या स्वॅप फाइलमध्ये नेऊन ठेवतो. या आवृत्तीत तो मजकूर त्या फाइलऐवजी डिस्कवर भलत्याच जागी, म्हणजे तुमच्या फाइलींच्या डोक्यावर लिहिला जात होता. प्रोग्राम बंद पडणं वेगळं आणि घरातलं सामान नाहीसं होणं वेगळं.

टोरवाल्ड्स यांनी काय केलं? टॅग मुकाट्याने दुसऱ्या कमिटवर सरकवला नाही. त्याचं नाव बदलून ‘व्ही५.१२-आरसी१-डोंटयूज’ असं केलं. वापरू नका, हे सांगणं नावातच घातलं. ज्यांच्याकडे जुन्या नावाचा टॅग पोचला होता त्यांच्याकडून तो काढून घेणं त्यांच्याही हातात नव्हतं. शिवाय, या ठिकाणापासून आपल्या नव्या शाखा फोडू नका असंही बजावलं, कारण उद्या एखादा बग शोधायला कोणी इतिहासात मागे मागे जात राहिला, तर त्याला या सापळ्यात पाय टाकून त्याच कर्नलवर आपला संगणक चालू करावा लागेल. आरसी२ रविवारची वाट न पाहता शुक्रवारीच काढला. हे सगळं वाचून लेखकाला दिलासा मिळाला तो असा, की जगातलं सगळ्यांत जास्त डोळ्यांखालून जाणारं सॉफ्टवेअरसुद्धा टॅग मारल्यावरच कळणाऱ्या चुका करतं.

पण मूळ प्रश्न तिथेच राहतो. मारायचा कधी?

या प्रश्नाला नवशिक्याचं उत्तर ठरलेलं असतं: तयार झालं की. लेखकाचंही कैक वर्षं हेच होतं. ऐकायला ते इतकं निर्मळ वाटतं की त्यात खोट दिसत नाही. ती दिसते ती दुसऱ्यांच्या इतिहासात. लिनक्स कर्नलची २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१मध्ये आली आणि २.६ आली डिसेंबर २००३मध्ये. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत नवं काम २.५ नावाच्या विकासशाखेत साचत राहिलं. कंपन्या थांबायला तयार नव्हत्या. त्यांनी त्या शाखेतले तुकडे काढून आपापल्या २.४ला जोडले, आणि प्रत्येकाचं २.४ दुसऱ्याच्या २.४पासून दूर गेलं. डेबियनचं तसंच. ३.० निघालं जुलै २००२मध्ये, ३.१ यायला जून २००५ उजाडला. त्या काळात डेबियन वापरणाऱ्यांना लोक ‘तुमचं अजून तेच का?’ असं विचारत.

उशीर नुसता आळसाने होत नाही. ज्या गावाला दिवसाला एकच एसटी आहे, तिथल्या स्टँडवर उभं राहून पाहावं. गाडी दिसली रे दिसली की खिडकीतून रुमाल टाकले जातात, पोती टपावर चढतात, कंडक्टर ओरडत असतो आणि कोणाचा तरी भाऊ अजून यायचा असतो म्हणून गाडी थांबवून धरलेली असते. पुढची आवृत्ती तीन वर्षांनी येणार असेल, तर प्रत्येक प्रोग्रामर आपलं अर्धकच्चं काम या गाडीत कोंबायला बघणारच. त्या कोंबलेल्या कामाने गाडी आणखी रखडते. रखडली की आणखी लोक येतात. उलट दर चार मिनिटांनी लोकल असेल, तर शहाणा माणूस दाराला लटकत नाही. ही गेली तर पुढची. कर्नलने २.६नंतर हीच रीत धरली. दोन आठवडे नवं काम आत घ्यायचं, मग दार बंद. त्यानंतर दर रविवारी एक उमेदवार, फक्त दुरुस्त्या. सातवा, फार तर आठवा उमेदवार झाला की खरी आवृत्ती. नऊ-दहा आठवड्यांत एक फेरी, आणि ज्याचं काम हुकलं त्याला पुढच्या फेरीची तारीख साधारण ठाऊक असते. ठरावीक मुदतीने आवृत्ती काढण्याच्या या पद्धतीवर मार्टिन मिखल्मायर यांनी केंब्रिज विद्यापीठात पीएचडी केली, २००७मध्ये. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात कोणी कोणाला हुकूम देऊ शकत नाही; तिथे सगळ्यांना आधीपासून माहीत असलेली तारीख एकमेकांशी मेळ घालण्याचं काम करते, हा त्यातला मुद्दा.

मराठी माणसाला हे परदेशी प्रबंधातून कळायला नको होतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून इथला प्रत्येक संपादक जाणतो की नरकचतुर्दशी पुढे ढकलता येत नाही. नामवंतांची कथा आली नाही तर अंक तिच्याशिवाय निघतो, आणि कथा पुढच्या वर्षी, किंवा दुसऱ्याच्या अंकात. लेखकाच्या सॉफ्टवेअरचे निम्मे ग्राहक याच धंद्यातले, तरी त्यांच्याकडून हे शिकायचं त्याला सुचलं नाही.

तारीख पाळणाऱ्यांनाही तारखेचा अतिरेक कळतो. उबुंटू ही डेबियनवर बांधलेली प्रणाली ऑक्टोबर २००४मध्ये पहिल्यांदा आली. तिच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो, म्हणून ती पहिली आवृत्ती ४.१०, पुढे दर सहा महिन्यांनी एक. पण २००६च्या एप्रिलची आवृत्ती दीर्घकाळ सांभाळायची होती, आणि तिच्यासाठी त्यांनी दोन महिने जास्त घेतले. ती ६.०४ व्हायची, ती ६.०६ झाली. झालेला उशीर आकड्यातच कायमचा कोरून ठेवणारी इतकी प्रामाणिक पद्धत दुसरी नसेल. आणि डेबियनने आता मधला मार्ग काढला आहे: दार बंद करायची वेळ पंचांगाप्रमाणे, बाहेर पडायची वेळ मात्र गंभीर बगांची यादी आटोक्यात आल्यावर. २०१७, २०१९, २०२१, २०२३, २०२५. दर दोन वर्षांनी आवृत्ती येते आहे, आणि ‘अजून तेच का’ म्हणणारे गप्प आहेत.

आकड्याच्या मोहाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण लेखकाने त्यातही काही महिने घालवले. ०.९वरून १.०वर जाताना हात कापतो. १.० म्हटलं की जगाला सांगितल्यासारखं होतं, घ्या, आता बोला. टोरवाल्ड्स यांनी १९९२मध्ये उत्साहाच्या भरात लिनक्सचा आकडा ०.१२वरून एकदम ०.९५वर नेला, १.० आता दोन पावलांवर, असं वाटलं असणार. ते मार्च १९९४मध्ये आलं, आणि मधल्या काळात ०.९९ला पुढे पॅचचे आकडे लावत लावत दिवस काढावे लागले. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या प्रकल्पाची सुरुवात १९९३ची आणि १.० जून २००८चं. पंधरा वर्षं! तेवढ्या काळात पहिलीत घातलेलं पोर इंजिनिअर होतं. डोनाल्ड कनूथ यांनी मात्र या मोहाची गंमतच केली. त्यांच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा आकडा पाय (π) या संख्येच्या दिशेने जातो. २०२१ सालच्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ आहे. प्रत्येक दुरुस्तीला एक अंक वाढतो आणि वाढ आधीच्याहून लहान. २००८, २०१४, २०२१ आणि आता २०२९: दोन दुरुस्त्यांमधलं अंतरही एकेका वर्षाने वाढत जातं. सापडलेल्या बगांवर ते त्या-त्या वर्षीच विचार करतात, मध्ये नाही. टॅग कधी मारायचा या प्रश्नातून इतकी सुबक सुटका दुसऱ्या कोणाला जमलेली नाही, पण त्यासाठी आधी टेक् लिहावं लागतं.

वेळापत्रक, आकडा, तयारी. या तिन्हींत लेखक बरीच वर्षं अडकला होता आणि तिन्हींत एक माणूस गैरहजर होता: आवृत्ती घेणारा. आता टॅग मारायच्या आधी तो स्वतःला विचारतो, याची वाट कोण बघतंय, आणि हे हातात पडल्यावर त्याला काय काय करावं लागणार आहे. हा प्रश्न विचारला की बऱ्याच गोष्टी आपोआप वेगळ्या होतात.

मजकूर बिघडवणारा बग सापडला, तर वाट बघायची नाही. मागच्या टॅगवरून नवी शाखा काढायची, तेवढी एकच दुरुस्ती त्यात घालायची आणि त्याच दिवशी शेवटचा आकडा एकाने वाढवून टॅग मारायचा. मुख्य शाखेत साचलेलं बाकीचं काम, ते कितीही गोड दिसलं तरी, त्या गाडीत बसवायचं नाही. कर्ल हा इंटरनेटवरून फाइली आणणारा प्रोग्राम दर आठ आठवड्यांनी, बुधवारी, आवृत्ती काढतो. २० मार्च २०२३ हा त्याचा पंचविसावा वाढदिवस. त्या दिवशी, सोमवार असूनही, मुद्दाम ८.०.० काढलं. क्रॅश होणारा एक बग त्यात राहून गेला होता. ८.०.१ त्याच दिवशी निघालं. वाढदिवसाच्या केकवर दोन आकडे! त्यांनी ८.०.० पुसून पुन्हा काढलं असतं तर इतिहास दिसायला नीटस झाला असता, आणि आचार्यांच्या जिलब्यांचा प्रकार जगभर झाला असता.

छोट्या आवृत्तीत फक्त छोटंच जातं, हेही मानण्यात अर्थ नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दुरुस्ती-आवृत्त्या वर्षातून चार वेळा, आधी जाहीर केलेल्या गुरुवारी निघतात. १४ नोव्हेंबर २०२४ला १७.१ निघालं. एका दुरुस्तीसाठी आतल्या एका रचनेचा आकार किंचित वाढवला होता. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या घरात सगळं ठीक. पण बाहेरच्यांनी लिहिलेली काही एक्सटेन्शन्स जुन्या आकाराचा हिशेब धरून कंपाइल झालेली होती, ती गडबडली. एका आठवड्यात, २१ तारखेला, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर १७.२ काढावं लागलं. घराची भिंत चार बोटं सरकवली, तर शेजाऱ्याचं कपाट बसत नाही.

वाट बघणाऱ्यांत भाषांतर करणारेही असतात आणि त्यांची आठवण सगळ्यांत शेवटी होते. नोम हा डेस्कटॉप मार्च आणि सप्टेंबरमध्ये येतो. त्याआधी काही आठवडे पडद्यावर दिसणाऱ्या वाक्यांना हात लावायला बंदी असते, कारण त्या मुदतीत मराठीसह सगळ्या भाषांतले स्वयंसेवक ती वाक्यं आपल्या भाषेत आणत असतात. बटणावरचा एक शब्द शेवटच्या रात्री ‘सुधारला’ की मराठी पडद्यावर मध्येच एक इंग्रजी शब्द उगवतो. लेखकाच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर अवघी साठ-सत्तर वाक्यं आहेत. तरी तो आता ती आठ दिवस आधी गोठवतो. कोकणी पडदा करून देणारा स्वयंसेवक गोव्यात असतो आणि त्याच्याकडे फक्त रविवार असतो.

टॅगवर विसंबणाऱ्यांत यंत्रंही आहेत, आणि यंत्रं माणसाहून जास्त भाबडी. मार्च २०२५मध्ये गिटहबवरच्या, तेवीस हजारांहून जास्त प्रकल्प वापरत असलेल्या एका मदतनीस सॉफ्टवेअरचे जुने टॅग हल्लेखोरांनी एका घातकी कमिटवर वळवले. ज्यांनी ‘अमुक आकड्याची आवृत्ती घे’ असं आपल्या यंत्राला सांगून ठेवलं होतं त्यांना ते विष आपसूक मिळालं. ज्यांनी त्या चाळीस अक्षरांच्या अगम्य माळेनेच कमिट मागितलं होतं, ते वाचले. लेखकाने ही बातमी दोनदा वाचली. १.४.०च्या वेळी त्याने नकळत केलं होतं तेच हे, फक्त हेतू वेगळा. त्याआधीच्या वर्षी, मार्च २०२४मध्ये, एक्सझेड या साध्या दाबून-भरण्याच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो उघडणारी एक कळीची फाइल गिटमध्ये नव्हतीच. आवृत्ती म्हणून बांधून दिलेल्या टारबॉलमध्ये होती. टॅग एक सांगत होता आणि गाठोड्यात दुसरंच होतं. तेव्हापासून लेखकाचं गाठोडं त्याच्या लॅपटॉपवर बांधलं जात नाही. टॅग पोचला की सर्व्हर त्यावरूनच बांधतो, आणि तपासणीचा आकडा शेजारी लावतो.

लिहून ठेवण्याजोगी एक युक्ती मात्र त्याला स्वतःला सापडली. टॅग मारायच्या आधी तो बदलांची नोंद लिहितो, आणि ती कोडवाल्यांसाठी लिहीत नाही. त्या मुद्रितशोधक बाईंना समोर धरून, साध्या मराठीत: अमुक फाँटातला ‘क्ष’ आता नीट येतो; तमुक फाइल पूर्वीपेक्षा लवकर होते. ज्या बदलाबद्दल बाईंना सांगण्याजोगं वाक्य जमत नाही तो बहुधा अर्धवट असतो. ‘शून्य रुंदीच्या खुणा काढल्या’ हे वाक्य त्या शुक्रवारी असं लिहावं लागलं असतं, तर ‘कोणत्या?’ हा प्रश्न त्याच वाक्याने विचारला असता. एस्क्यूलाइट हा डेटाबेस प्रत्येक आवृत्तीआधी जवळपास दोनशे कलमांची तपासयादी पार करतो. लेखकाची यादी अकरा कलमांची आहे. पहिलं कलम ‘आचाऱ्यांनी’ हा शब्द आहे, आणि तो अक्षरामागचा संकेतांक संकेतांकाला भिडवून तपासला जातो, कोणतीही साफसफाई न करता. शेवटचं कलम: आज शुक्रवार आहे का?

गेल्या ऑगस्टची गोष्ट. मागच्या टॅगपासून किती पुढे आलो ते सांगणारी गिटची एक कमांड आहे. तिने ४१ कमिट दाखवले. त्यांतले निम्मे कोणाच्या कामाचे नव्हते. आणखी एका जुन्या फाँटाचा तक्ता ऐंशी टक्के झाला होता आणि लेखकाला तो अतिशय प्रिय होता, कारण त्याच्या शाळेची स्मरणिका त्याच फाँटात होती. पण बाकी सगळं महिनाभर वापरून झालं होतं आणि दिवाळी अंकांची जुळणी सुरू व्हायला आठवडा होता. तक्ता बाहेर काढून शाखेवर ठेवला. नोंद लिहिली, सात ओळी. कोकणीचा निरोप रविवारी रात्री आला. सोमवारी अकराही कलमं पार पडली. मंगळवारी सकाळी, डोकं ताजं असताना, त्याने टॅग मारला: १.७.०. सर्व्हरने गाठोडं बांधलं. लेखकाने त्या प्रकाशकांना कळवलं, वेळेत निघालंय, यंदा दिवाळीच्या आधी.

दुपारी उत्तर आलं. “छान. बाईंनी बघितलं, नोंद आवडली म्हणाल्या. पण आत्ता हंगामात जुळलेलं यंत्र हलवत नाही. सध्या १.६.२च चालू देतो. नवीन तुळशीच्या लग्नानंतर टाकू.”